अकरा भिंतींवरची अम्मी

खरा वाघ मी उभ्या जन्मात दोनदा पाहिला. सिमेंट विकणारा वाघ मात्र रोज पाहते. चंद्रपुरात मी राहते त्या चौकात आजमितीला चार वाघ आहेत: एक सिमेंटचा, एक प्लॉटचा, एक पाण्याच्या टाकीचा आणि एक दहावी-बारावीच्या शिकवणीचा. शिकवणीच्या वाघानं चष्मा लावलेला आहे. ज्या गावांच्या शिवेवर हा प्राणी खरोखर फिरतो, तिथली माणसं उन्हं उतरायच्या आत शेतातून पळत घरी येतात, आणि इथे त्याच्याच जबड्याखाली मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘विश्वास’. पलीकडे कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक. भाऊ मधोमध दोन्ही हात जोडून उभे, आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तोंडांची चाळीसेक शुभेच्छुक माणसं, जणू हरवलेल्या व्यक्तींची यादी. फोनचं तर विचारूच नका. शेजारणीजवळ गुडघ्याचं गाऱ्हाणं केलं की फोन तेलाची बाटली घेऊन हजर. मी त्याला शिव्या घालते तेव्हा नात म्हणते, “नानी, चिडते काय, स्किप कर ना.” माझ्या लहानपणी जाहिरात भिंतीवर असायची आणि भिंत स्किप करायची सोय नव्हती. असती तर हे प्रकरण लिहायची पाळी आली नसती.

आमचं घर सिंदेवाहीला होतं. अब्बा पेंटर. पेंटर म्हणजे चित्रकार नव्हे, अक्षरं काढणारे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रकच्या मागची शेरोशायरी, आणि वर्षभर पोट चालवणारं मुख्य काम म्हणजे भिंतींवरच्या जाहिराती. सकाळी जाग यायची ती सरसाच्या वासानं. अब्बा परसात तीन विटांवर डबा ठेवून रंगात कालवायचा सरस उकळायचे आणि त्याच चुलीच्या उरलेल्या विस्तवावर अम्मी चहा ठेवायची, त्यामुळे आमच्या चहाला एक जनावरी वास असायचा. आम्हाला तो चहाचाच वास वाटे. मग सुतळीचा आवाज. निळीत बुडवलेली सुतळी अब्बा फळीवर ताणून धरायचे, मधे चिमटीत उचलून सोडायचे, टप्प, आणि फळीवर निळी रेघ उमटायची. रेघेवर अक्षर. अब्बांचं अक्षर असं की तहसीलदारसुद्धा पाटी बघायला थांबत. घरात बोलणं अर्धं हिंदी, अर्धं झाडीपट्टीच्या बोलीतलं. जेवणात भात, लाखोळीची डाळ, आणि जुम्म्याला अंबाडी घातलेलं गोश्त. ते गोश्त इतकं आंबट असायचं की पहिल्या घासाला सगळ्यांचे डोळे एकदम मिटत आणि अम्मी आमच्याकडे बघून हसायची.

अम्मी बांगड्या विकायची. डोक्यावर टोपली, टोपलीत सुतळीत ओवलेले काचेच्या बांगड्यांचे तोडे, वर कपडा. चालताना तिच्या डोक्यावर बारीक किणकिण चाले, त्यामुळे ती गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळायचं आणि आम्ही भांडणं आवरती घ्यायचो. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि हनुवटीवर तीळ. हसायला लागली की आधी तोंडावर पदर घ्यायची, तो त्या फटीमुळे.

मी वाचायला शिकले ती जाहिरातींवर. शाळेत जायच्या आधी मला ‘ख’ येत होता, खताचा. ‘ब’ बिडीचा आणि ‘की’ कीटकनाशकाची. पहिलीत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं तर मी दोन्ही हात मागे बांधून, चालीत, तुडतुड्यावरच्या औषधाची जाहिरात म्हटली. गुरुजींनी कान पिळला. पण एकदा वाचता यायला लागल्यावर मला एक गोष्ट दिसायला लागली जी घरात दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती. आमच्या घरात विकत आणलेली वस्तू क्वचितच होती आणि जाहिरात मात्र जागोजाग होती. भाजीची पिशवी बिडीवाल्याची. कॅलेंडर खतवाल्याचं. अब्बांची टोपी रंगाच्या कंपनीची. दादीच्या खाटेखालचं पायपुसणं म्हणजे सायकलच्या टायरचा जुना कापडी फलक, त्यावर अजून अर्धा घोडा दिसायचा. मी हे अब्बांना दाखवलं तर ते म्हणाले, “फुकटचं आहे ना? मंग लिहिलेलं कायले वाचते?” अशी माणसं जाहिरात लिहीत होती! आणि मी, नऊ-दहा वर्षांची चुरचुरीत पोट्टी, सगळ्या भिंतींकडे नाक वर करून बघायची, की बघा, मला कुणी फसवू शकत नाही. हुशार माणसाला वाटतं की जाहिरात दुसऱ्यासाठी असते. हे वाटणंच जाहिरातवाल्याचं भांडवल, हे मला फार उशिरा कळलं.

अब्बांचा एक नियम होता. ते तोंड काढत नसत. आमच्यात जिवंत प्राण्याचं चित्र काढू नये म्हणतात, आणि अब्बा नमाजी असले-नसले तरी हा नियम पाळत. बैलाची जाहिरात आली तर नांगर काढत. बाळाच्या साबणाची आली तर नुसती वडी आणि फेस. त्यामुळे कामं कमी मिळत, पण अब्बांना त्याचा ताठा होता. “अक्षर लिहिणाऱ्यावर गुन्हा नाई,” ते म्हणत. “खरं का खोटं, ते वाचणाऱ्यानं पाहावं.” या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटे. आज राग येतो. हेच वाक्य आता टीव्हीवरची माणसं सुटाबुटात बोलतात.

एका हिवाळ्यात नागपूरकडून मंजनाचा माणूस आला. स्कूटर, सफारी, काखेत चामडी बॅग. ‘रूपमोती मंजन’ असं त्याच्या डबीचं नाव. काळं मंजन, लाल झाकण. त्यानं अंगणात खाट ओढून घेतली, पाणी मागितलं आणि नकाशा पसरल्यासारखी गावांची नावं सांगितली. सगळी जंगलातली, गडचिरोलीच्या अंगाची. अब्बा म्हणाले, “तिकडे वाचणारे कुठी आहेत, साहेब?”

“तेच तर म्हणून राह्यलो ना पेंटरभाऊ,” तो म्हणाला. “जंगलात अक्षर कोण वाचते? तोंड पाहिजे, तोंड! हसतं तोंड. तिकडे अजून सारे काडीनं दात घासतात. कोरं मैदान आहे.”

अब्बांनी आपला नियम सांगितला. तो हसला आणि बॅगेतून छापील कार्ड काढलं: एक गोरी बाई, बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. “हे पाहून काढा. तुमी कुठी काढून राह्यले? छापलेलंच आहे. तुमी नक्कल करून राह्यले.” धर्मशास्त्रात एवढी पळवाट कुण्या मौलवीला सापडली नसेल. अब्बांनी मान खाली घातली. त्या वर्षी दादी खाटेला खिळलेली होती आणि दुसरं काम नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. दोष द्यायला मला माझं स्वतःचं पुरेसं आहे.

आठ दिवस अब्बा परसातल्या भिंतीवर ती गोरी बाई काढायचा प्रयत्न करत होते. ज्यांनी जन्मात तोंड काढलं नाही त्यांच्या हातून काय निघणार? पहिली बाई शेळी झाली. दुसरी आमच्या पोस्टमनसारखी दिसायला लागली, आणि तो पोस्टमन पत्र द्यायला आला तेव्हा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. अम्मी हसून हसून खाली बसली. मग एक दिवस अब्बा सायकलला डबे, शिडी आणि चुन्याची पिशवी बांधून निघून गेले. पंधरा दिवसांनी परत आले. हिरडाटोला नावाच्या गावी अकरा भिंती केल्या म्हणाले. तोंड जमलं का, असं अम्मीनं विचारलं तर “जमलं” एवढंच बोलले आणि हातपाय धुवायला गेले. घरमालकांना प्रत्येकी दोन डब्या फुकट आणि एक भिंत चुन्यानं पांढरी करून मिळाली होती. सफारीवाला येऊन भिंतींचे फोटो काढून गेला आणि खूश झाला.

हिरडाटोला हे अम्मीच्याच फिरतीतलं गाव. एसटीनं दोन तास, मग नाल्याच्या काठानं पायवाट. वीस-पंचवीस घरं, सगळी गोंडांची. मोहाच्या झाडाखाली आम्ही टोपली उतरवली की बाया गोळा होत. बांगड्या भरणं हे नुसतं विकणं नसतं, हे शहरात बांगड्यांचा बॉक्स विकत घेणाऱ्यांना कळणार नाही. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, दाबून दाबून मऊ करायचा, अंगठ्याचं हाड वळवायचं आणि काच न फुटता ती चढवायची. तेवढ्या वेळात बाई सगळं सांगते, सासूपासून गाईपर्यंत. आणि हात भरून झाला की ती भरणारीला वाकून जोहार करते. अम्मीपेक्षा वयानं मोठ्या बायाही करत. सोमीबाई ही त्यातली अम्मीची मैत्रीण; उंच, सावळी, हसली की अंगण उजळावं असे दात. आयुष्यभर करंजाच्या काडीनं घासलेले. आम्ही जेवायचो तिच्याच घरी. तांदळाची पेज, सोबत वाळलेल्या झिंग्यांची चटणी, पळसाच्या पानावर. अशा दातांच्या माणसांना दात पांढरे करायचं मंजन विकायला निघालेली कंपनी! उद्या ही माणसं माशाला पोहण्याची शिकवणी लावतील.

त्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी होती म्हणून मी अम्मीबरोबर गेले. गावाच्या पहिल्याच घराशी अम्मी अशी थबकली की टोपली डोलली. समोरच्या भिंतीवर ती होती. गोरी बाई नव्हे, अम्मी. तीच हनुवटी, तोच तीळ, डोक्यावर पदर. फक्त दातांमधली फट पांढऱ्या रंगानं बुजवलेली. पुढच्या घरावर परत अम्मी. सोमीबाईच्या घरावर सगळ्यात मोठी, दारापेक्षा उंच. अब्बांच्या हाताला जगात एकच तोंड येत होतं आणि ते त्यांनी अकरा वेळा काढलं होतं. अम्मीनं पदर ओढून घेतला. कानापर्यंत लाल झाली. “माणूस पागल झाला,” ती म्हणाली. पण थोड्या वेळानं, मी बघत नाही असं समजून, ती त्या मोठ्या भिंतीपुढे उभी राहिली आणि तोंडावरचा पदर तिनं जरासा बाजूला केला.

बाया तर हरखून गेल्या होत्या. आपली चुडीवाली बाई भिंतीवर! कंपनी वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या हिशेबानं हे साधं होतं: बाई बांगड्या विकायची, आता मंजनही विकते, आणि रोज येता येत नाही म्हणून आपलं तोंड ठेवून गेली आहे. अम्मी मोहाखाली एका नव्या नवरीचा हात भरत बसली होती, आणि इकडे सोमीबाईच्या अंगणात बायांनी मला घेरलं. मला वाचता येतं हे त्यांना माहीत होतं. “काय लिवलं वं, पोरी?” सोमीबाईनं विचारलं.

मी कमरेवर हात ठेवून वाचलं. नुसतं वाचलं नाही, शाळेत पहिला नंबर आल्यासारखं घोळवून वाचलं: “रूपमोती मंजन! दात मोत्यावानी, हिरड्या पोलादावानी! एकदा लावा, जन्मभर हसा!” बाया कौतुकानं बघत होत्या. एवढ्या मोठ्या बायका आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. असं मला घरात, शाळेत, कुठेच कुणी बघितलं नव्हतं.

“तुही अम्मी लावते का हे?” सोमीबाईनं विचारलं.

अम्मी राख आणि मीठ लावायची. काळ्या मंजनाची डबी आमच्या घरात आलेलीच नव्हती.

“हो तर,” मी म्हणाले. “रोज. सकाळी आणि सांजच्याले बी.”

का म्हणाले? हा प्रश्न मी स्वतःला जितक्या वेळा विचारला आहे तितक्या वेळा नमाज पढले नसेन. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देणार नव्हतं. भिंतीवर एवढी मोठी अक्षरं, एवढं मोठं तोंड, आणि मधे मी. नाही म्हटलं असतं तर सगळं छोटं झालं असतं. आज क्रिकेट खेळणारा गडी पानमसाल्याचा पुडा हातात धरून डोळा मारतो तेव्हा मी टीव्हीवर चप्पल उगारते. त्याला निदान त्याचे पैसे मिळतात. मी तर फुकट केलं होतं. सोमीबाईनं मान हलवली, आत गेली, आणि फुकट मिळालेल्या दोन डब्या, ज्यांना तिनं तोवर हात लावला नव्हता, त्यातली एक घेऊन बाहेर आली.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही परत गेलो. त्या सुमारास तिकडच्या बाया घर लिपतात. खाली शेण, वर पांढरी माती, एक भिंत सोडत नाहीत. हिरडाटोला नुकतंच लिपून झालं होतं आणि ‘रूपमोती’चं नावनिशाण गेलं होतं. मोती गेले, पोलाद गेलं, जन्मभर हसा गेलं. सगळं पांढऱ्या मातीखाली. राहिलं होतं ते फक्त अम्मीचं तोंड. अकराच्या अकरा भिंतींवर बायांनी तोंडाच्या कडेकडेनं, बोटानं, जपून लिपलं होतं. पदराची किनारसुद्धा बुजू दिली नव्हती.

“हे काऊन सोडलं?” अम्मीनं विचारलं.

“बाप्पा!” सोमीबाई म्हणाली. “जित्या माणसाच्या तोंडाले शेण फासाचं का?”

अम्मीला गहिवरून आलं. मलाही त्या वेळी ते फार छान वाटलं. पण सफारीवाल्यानं नशीब काढलं होतं, हे आता लिहिताना दिसतं. अक्षरं गेल्यावर जाहिरात उलट पक्की झाली. आता भिंतीवर कुणी काही विकत नव्हतं, फक्त ओळखीची बाई हसत होती. आणि आठवडी बाजारात लाल झाकणाच्या डबीवरही एक बाई हसत होती. सोमीबाईच्या कमरेच्या चंचीत आता डबी असायची. काडी करंजाची सुटली. बाकीच्या बायांनी थोडे दिवस लावून सोडलं, कुणाला चक्कर आली, कुणाला चव आवडली नाही. सोमीबाईनं नाही सोडलं. एकदा लावलं की बरं वाटते म्हणायची, न लावलं तर डोकं दुखते. दिवसातून चार वेळा, पाच वेळा. मैत्रीण लावते ते वाईट कसं असेल?

तिसऱ्या वर्षी तिच्या घरी जेवायला बसलो तर तिनं आमच्या द्रोणांत पेज वाढली आणि स्वतः बाजूला बसून राहिली. जेवत काऊन नाई, म्हणून अम्मीनं विचारलं. तिनं तोंड उघडून दाखवलं. उघडलं म्हणजे दोन बोटं जातील एवढंच. आत गालाला पांढरा चट्टा आणि त्याच्या मधोमध गाठ. अम्मीनं टोपली तिथेच ठेवली, दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवलं आणि मलाही बरोबर घेऊन चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चंचीतली डबी बघायला मागितली, उलटी केली आणि बुडाशी बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की यात तंबाखू आहे. ते अम्मीला वाचता येत नव्हतं. तिनं डबी माझ्याकडे दिली. मला वाचता येत होतं. मी एवढी वर्षं मोठी अक्षरं वाचत आले होते. सोमीबाई त्यानंतर तीन वर्षं जगली, नुसत्या पेजेवर.

घरी आल्यावर अम्मी अब्बांशी जन्मात पहिल्यांदा ओरडून बोलली. “माह्या तोंडानं जहर विकलं तुमी. जा, अन् पुसून या.”

अब्बा खाटेवर बसले होते. त्यांच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली होती. “मले काय मालूम त्याच्यात काय होतं,” ते म्हणाले. मग खाली बघत, “तुहा एक फोटो नाई घरात. आपल्या निकाहाचा बी नाई. जगात तू तेवढीच हायेस कुठी तरी काढलेली. म्या कसं पुसू?”

मला वाटलं अम्मी रडेल. ती रडली नाही. “मंग मी पुसीन,” ती म्हणाली. तिचा धड फोटो आमच्याकडे आजही नाही. ती गेली तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी भिंतीला लावायला फोटो मागितला, आणि रेशनकार्डावरचा, डोळे अर्धे मिटलेला, मोठा करून आणावा लागला.

अम्मीनं मला बरोबर घेतलं. हिरडाटोल्याला पोचलो तेव्हा दुपार होती. तिच्या डोक्यावर टोपली नव्हती, किणकिण नव्हती, त्यामुळे ती आल्याचं बायांना आधी कळलंच नाही. तिनं घमेलं मागितलं, शेण कालवलं, पांढरी माती कालवली, आणि पहिल्या घरापाशी जाऊन स्वतःच्या तोंडावर फासायला सुरुवात केली. बाया ओरडत धावल्या. एकीनं तिचा हात धरला. “काय करून राह्यली, बाई? अपशकुन हाये!” अम्मीनं हात सोडवून घेतला आणि पुढच्या घराकडे निघाली. एक, दोन, पाच, दहा. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. गाव सगळं मागे गोळा झालं होतं. शेवटी आम्ही सोमीबाईच्या अंगणात आलो. ती दारात बसली होती, गालाला फडकं बांधून.

अम्मी तिच्यापुढे खाली बसली. “सोमीबाई, मी हे मंजन कधी दाताले लावलं नाई. एक दिवस बी नाई. माह्या घरवाल्यानं मले न विचारता माहं तोंड काढलं. माफ कर.”

सोमीबाईनं फडकं जरा सैल केलं. तिला बोलायला वेळ लागे. “नाई लावलं?” ती म्हणाली. आणि मग अम्मीवरून तिची नजर माझ्याकडे आली. “मंग पोरगी काऊन म्हणली, रोज लावते म्हणून?”

अम्मी वळली. तिला हे माहीतच नव्हतं. दवाखान्यात डबी उलटी झाली तेव्हापासून ती सगळा दोष अब्बांच्या कुंचल्यावर आणि आपल्या तोंडावर टाकत आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी खोटं बोलायला तोंड उघडलं. उघडलं तसंच मिटलं आणि गाल पुढे केला. मला मार हवा होता. अम्मी उठली, घमेलं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

मोठ्या भिंतीवर अम्मी हसत होती. मी मूठभर शेणमाती घेतली आणि कपाळापासून सुरुवात केली, पण तिच्यात पाणी जास्त झालेलं. ओघळ डोळ्यांवरून खाली यायला लागले. मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. सोमीबाई होती. “अशी नाई,” ती अडखळत म्हणाली, “खालून वर लीप. वरून लिपलं का ओघळते.” तिनं माझा हात स्वतःच्या हातात घेऊन हनुवटीपाशी नेला आणि एकदा फिरवून दाखवला, शांतपणे, पोरीला काम शिकवतात तसा. मग हात सोडला. मी खालून वर गेले; हनुवटी गेली, तीळ गेला, दात गेले. डोळ्यांपाशी आले आणि थांबले. ते डोळे माझ्याकडेच बघत होते.

“थांबू नको,” अम्मी मागून म्हणाली.